दोन टनांचा ड्रम

१

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, उघड्या माळावर, पवना टेलिफोन केबल कंपनीचं आवार होतं. काटेरी तारेच्या कुंपणाआड पुरुषभर उंचीचे लाकडी ड्रम ओळीनं उभे असत. दोन्ही अंगांना गाडीच्या चाकासारख्या जाड फळ्या आणि मधे गुंडाळलेली, शिशानं मढवलेली, तांब्याच्या तारांची केबल. टेलिफोन खातं माल उचलेल तेव्हा हे ड्रम देशभर जातील आणि खेडोपाडी घंट्या वाजतील, असं आसपासच्या गावांतली माणसं कौतुकानं सांगायची. अर्ध्या घरांतला एक तरी माणूस चिंचवडला कंपनीत कामाला होता.

१९७८च्या डिसेंबरात, थंडीच्या एका सकाळी, यातल्याच एका ड्रमखाली कंपनीचे मुख्य हिशेबनीस हरिहर सोमण मरून पडलेले सापडले.

चाकणचा फौजदार हिंदुराव ढमाले जीपमधून उतरला तेव्हा प्रेत उताराच्या पायथ्याशी उघडं पडलं होतं. डोक्याची उजवी बाजू आत बसली होती. कानाच्या जागी काळपट लगदा होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर रक्तानं वाळून पुठ्ठ्यासारखी झाली होती. ज्या ड्रमनं हे केलं म्हणत होते, तो शेजारी सरकवून ठेवला होता. त्याच्या कडेला रक्त आणि केस चिकटले होते.

"अंगावरनं काढला कुणी?" हिंदुरावानं विचारलं.

"आमीच, साहेब." पुढं आला तो बबनराव येळवंडे. आवारातल्या हमालांचा मुकादम आणि युनियनचा पुढारी. गळ्यात सोन्याची साखळी, डोळे तांबारलेले. "सकाळच्याला गेनबानं वरडून बोलावलं. म्या आन् ही दोन पोरं धावलो. मानूस खाली हाय म्हनल्यावर बगत बसतो व्हय? उचलला आन् सारला बाजूला."

गेनबा काळोखे आवाराचा राखणदार. म्हातारा घोंगडी घट्ट लपेटून उभा होता. संध्याकाळी फाटकाला कुलूप घालून तो घरी गेला होता आणि उजाडल्यावर परतला तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं, असं त्यानं सांगितलं.

"सोमणसाहेब आत आले कसे मग?"

"मला न्हाई ठावं, साहेब. किल्ल्या तीन हायेत. एक माझ्याकडं, एक भागवत मालकाकडं आन् एक टेंबेसायबाकडं."

उताराच्या वरच्या अंगाला ड्रमांची रांग होती. प्रत्येक ड्रमपुढं लाकडी पाचर ठोकलेली. एका ठिकाणची पाचर निघून पडली होती. तिथून ड्रम सुटला, खाली गडगडला, सोमण मधे सापडले. बघणाऱ्याला सरळ अपघात दिसत होता.

हिंदुराव उतारावर उकिडवा बसला. मावळातल्या पैलवानाच्या घरात तो वाढला होता, आणि तालमीत बापानं त्याला सगळ्यात आधी वजन ओळखायला शिकवलं होतं. त्यानं मुरमावरून हात फिरवला. मुरूम भुसभुशीत होता, त्याच्या स्वतःच्या बुटांचे ठसे त्यात उमटत होते. ड्रम गडगडल्याची खूण मात्र पुसटशी होती, एखादी रिकामी बैलगाडी गेल्यासारखी.

त्याला काहीतरी खटकलं. पण काय, ते तेव्हा उमगलं नाही.

२

चिंचवडच्या कारखान्यात त्या दिवशी कामगारांनी दोन मिनिटं शांतता पाळली आणि यंत्रं पुन्हा चालू झाली.

कंपनीचे मालक नंदकिशोर भागवत मोठे रुबाबदार गृहस्थ होते. समोर बाग असलेलं ऑफिस, भिंतीवर मंत्र्यांबरोबरचे फोटो. रुमालानं डोळे टिपत ते म्हणाले, "फौजदारसाहेब, सोमण माझा उजवा हात होता हो. तुम्ही लवकर पंचनामा उरका. कुटुंबाला कंपनी वाऱ्यावर सोडणार नाही."

"काल संध्याकाळी आपण कुठं होता?"

"मुंबईला. रात्री परतलो. ड्रायव्हरला विचारा."

"सोमण आवारात कशाला गेले होते?"

"मालाची मोजदाद असेल. वर्षअखेर जवळ आली ना." भागवतांचा आवाज गुळगुळीत होता, पण बोटं टेबलावरच्या पेपरवेटला गोल गोल फिरवत होती.

सोमणांची स्कूटर कारखान्याच्या शेडमध्येच उभी आहे, हे हिंदुरावानं येताना पाहिलं होतं. म्हणजे माणूस चाकणच्या माळावर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून गेला. बसमधून उतरून कुणी कुलूपबंद आवारात जात नाही.

मुख्य इंजिनियर सदाशिव टेंबे कारखान्यातच भेटले. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पहिलं केबलयंत्र या माणसानं स्वतःच्या हातानं जोडलं होतं. कामगार त्यांच्याशी बोलताना आपोआप उभे राहत होते.

"सोमण गेला, यावर विश्वास बसत नाही," ते म्हणाले. आवाज घोगरा होता. रात्रभर झोप नसल्यासारखे डोळे सुजले होते. "सकाळी बातमी कळल्यापासून कामात लक्षच नाही."

"साहेब, ड्रम आपोआप सुटू शकतो?"

"पाचर कुजली असेल तर सुटतो. आणि एकदा सुटला की संपलं. भरलेला ड्रम दोन टनांचा असतो, फौजदारसाहेब. समोर बैल असला तरी त्याचं पीठ होईल." ते थांबले. जिथं यंत्रातून चकचकीत केबल सरसरत बाहेर येत होती तिकडं त्यांनी बोट दाखवलं. "तीन वर्षं हा माल बनवतोय आम्ही. टेलिफोन खातं उचल लांबवतंय म्हणून तो तिकडं पडून आहे. पण देशात असा माल दुसरं कुणी बनवत नाही. लिहून घ्या."

"काल संध्याकाळी आपण...?"

"इथंच. यंत्राचा पट्टा तुटला होता."

तेवढ्यात ऑफिसातला शिपाई धावत आला. खेडहून, प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांचा फोन होता.

"ढमाले," डॉक्टर म्हणाले, "तुमचा माणूस ड्रमनं मेलेला नाही. छातीच्या दोन बरगड्या पिचल्यात, पण तिथं रक्त साकळलेलं नाही. त्या तो मेल्यानंतर पिचल्यात. डोक्यात पहारीसारख्या लोखंडाचे दोन घाव आहेत. पहिल्याच घावाला कवटी फुटली होती. दुसरा घाव कशाला घातला, ते मारणाऱ्यालाच विचारा."

३

सोमणांचं घर निगडीच्या प्राधिकरणात होतं. नवी बैठी बंगली, अंगणात अजून वाळूचा ढीग. त्यांची बायको पद्मा भिंतीला टेकून बसली होती. शेजारणी भोवती होत्या, पण ती कुणाकडं बघत नव्हती. हिंदुरावानं शेजारणींना बाहेर जायला सांगितलं.

"वहिनी, हा अपघात नाही. त्यांना मारलंय."

तिनं मान वर केली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"भागवतांना विचारा," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"सहा महिने हे धड जेवले नाहीत. झोपेत ओरडायचे. मी विचारलं की म्हणायचे, मी खोटं लिहितोय, पद्मा. नफा नाही तिथं नफा लिहितोय, माल नाही तिथं माल लिहितोय, बँक त्यावर कर्ज देतेय आणि त्या कर्जातून लोकांचे पगार होतायत. सगळं एक दिवस कोसळणार." तिनं ओठ घट्ट दाबले. "ते बँकेत जाऊन सगळं सांगणार होते. त्याआधीच..."

"आणखी कुणाला सांगितलं होतं त्यांनी? कारखान्यात कुणाशी बोलले होते?"

पद्मा नजर वळवून म्हणाली, "मला नाही माहीत."

हिंदुरावाला ते उत्तर खोटं वाटलं. पण विधवेला त्या दिवशी त्यानं अधिक छळलं नाही.

निगडीहून तो थेट आवारात परतला. एव्हाना त्याच्या डोक्यात सकाळची ती खटकलेली गोष्ट गरगरायला लागली होती. माल नाही तिथं माल. दोन टनांचा ड्रम. आणि बबनराव म्हणाला होता, आमी उचलला आन् सारला. तीन हमाल आणि एक म्हातारा! तालमीतले दहा पैलवान लावले असते तरी दोन टन उचलले गेले नसते.

जीप थांबायच्या आत त्यानं खाली उडी टाकली आणि उताराच्या पायथ्याकडं धावला.

ड्रम तिथं होता. पण त्याच्याभोवती मुरमात घोट्याएवढे खोल चर पडले होते. क्रेनच्या टायरांचे ठसे ताजे होते. हिंदुरावानं खांदा लावून सगळी ताकद पणाला लावली. ड्रम तसूभरही हलला नाही. त्याच्या कडेला रक्ताचा थेंब नव्हता, केस नव्हते.

सोमण ज्या ड्रमखाली सापडले होते, तो ड्रमच कुणीतरी पळवला होता.

"गेनबा!" त्यानं हाक मारली.

उत्तर आलं नाही. राखणदाराच्या खोपटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि उंबऱ्यावरून रक्ताचा एक ओघळ बाहेर आला होता.

४

गेनबा जिवंत होता. कुणीतरी त्याला काठीनं झोडपून काढलं होतं. दोन्ही हात मोडले होते, पुढचे दात गळून जमिनीवर पडले होते, एक डोळा पार मिटला होता. त्याची बायको गवराबाई भाकरी घेऊन आली ती त्याच वेळी. फडकं तिच्या हातातून गळून पडलं. ती किंचाळली नाही. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं हिंदुरावाकडं बघितलं.

"बबन्यानं मारलं," ती म्हणाली. "दुसरं कुनी न्हाई. म्हातारा म्हनत हुता, फौजदाराला खरं सांगून टाकू. ते बबन्याच्या कानावर गेलं."

"काय खरं?"

"त्ये ड्रम वो. समदे पोकळ हायेत. वरनं दोन येढे केबल आन् आत बांबू आन् तरट. चांगला माल ट्रकांतनं भिवंडीकडं जातो, तांबं काढून इकत्यात. आन् रिकामं ड्रम म्हागारी येत्यात. आमी गरिबानं कुनाला सांगावं?"

बबनरावाला हिंदुरावानं तळेगावच्या एका गुत्त्यात गाठलं. मुकादमानं पळायचा प्रयत्न केला. मग बाटली फोडून अंगावर आला. काच हिंदुरावाच्या दंडाला चाटून गेली, सदरा रक्तानं भिजला. हिंदुरावानं त्याचा हात मनगटाशी धरून पाठीमागं पिरगाळला, तो खांद्यापासून काटकन सुटेपर्यंत. बबनराव गुडघ्यावर कोसळला.

"सांगतो! सांगतो, साहेब! म्हाताऱ्याला म्या मारलं. कारखान्यातनं भरलेला आनून ड्रम म्या बदलला. भागवत मालकानं सांगितलं, पोलिसाच्या हाती तो ड्रम लागला तर समदे जेलात जाऊ. तीन वरसं आमी ह्ये करतोय. पर सोमणाला म्या न्हाई मारलं! आईची आन!"

"भागवतानं मारलं?"

बबनराव वेदनेनं कण्हत होता, तरी त्याच्या तोंडावर खरोखरचा गोंधळ दिसला. "मालक तर सकाळी फोनवर किंचाळत हुता, साहेब. म्हनला, मरायला सोमणाला दुसरी जागा मिळाली न्हाई का? माझ्या ड्रमाखालीच मेला?"

हिंदुरावानं दंडाला पट्टी बांधून घेतली आणि ठाण्यात येऊन बसला. हवालदार दौलतरावांनी त्याच्यापुढं चहा ठेवला.

"साहेब, भागवताला आणायचं ना? सरळ आहे की सगळं. हिशेबनीस तोंड उघडणार होता, त्याचं तोंड बंद केलं."

"सरळ होतं. आता नाही राहिलं, दौलतराव." हिंदुराव चहाकडं बघत राहिला. "घरात चोरीचा माल लपवलाय, असा माणूस त्याच मालावर प्रेत नेऊन ठेवील का? पोलिसाला आपण होऊन हाक मारून दाखवील का, की या, माझा ड्रम बघा? भागवताला सोमणाला मारायचंच असतं तर गाडीखाली घातला असता, पवनेत बुडवला असता. त्या आवाराच्या आसपाससुद्धा फिरकला नसता."

"मग?"

"ज्यानं पाचर काढली, त्याला तो ड्रम भरलेला वाटत होता." हिंदुराव उठला. "उद्या दुपारी सगळ्यांना माळावर बोलवा."

५

दुपारचं ऊन माळावर तापलं होतं. भागवत काळा चष्मा लावून आपल्या अँबॅसिडरपाशी उभे होते, शेजारी मुंबईहून आणलेला वकील. बबनराव खांदा बांधलेल्या अवस्थेत दोन शिपायांच्या मधे. टेंबे कंपनीच्या जीपमधून आले आणि ड्रमांच्या रांगेपाशी जाऊन थांबले. सवयीनं त्यांनी एका ड्रमच्या कडेवरची धूळ तळव्यानं पुसली.

हिंदुरावानं सकाळीच एक ड्रम निवडून ठेवला होता. तो उताराच्या खालच्या टप्प्यावर होता. आता तो स्वतः त्या ड्रमच्या पुढ्यात जाऊन, पाठ करून उभा राहिला.

"दौलतराव," तो म्हणाला, "काढा पाचर."

हवालदारानं घण उचलला.

भागवत हलले नाहीत. बबनराव हलला नाही. वकिलानं भागवतांकडं बघितलं आणि तोही गप्प राहिला.

"अहो, काय करताय!" टेंबे ओरडले. "बाजूला व्हा! चिरडून जाल!"

घण बसला. पाचर उडाली. ड्रम करकरला आणि सुटला. टेंबे विजेसारखे धावत आले, दोन्ही हातांनी त्यांनी हिंदुरावाला ढकललं. हिंदुराव बाजूला कोलमडला. ड्रम थेट टेंब्यांच्या मांडीवर आदळला.

आणि थांबला.

टेंबे मागं रेलले होते, मांडीला खरचटलं होतं, पण ते उभे होते. त्यांनी आपल्या पायाकडं बघितलं. मग ड्रमकडं. हळूच एक हात लावून त्यांनी ड्रम ढकलला. तो मागं सरकला.

हिंदुराव अंगावरचा मुरूम झटकत उठला.

"आवाराचं कुलूप फोडलेलं नव्हतं," तो म्हणाला. "किल्ल्या तिघांकडं. गेनबा, भागवत आणि तुम्ही. गेनबाला ठाऊक होतं की ड्रम पोकळ आहेत, म्हणून तर त्यानं क्रेन न बोलावता हमालांबरोबर तो उचलला. भागवतांना ठाऊक होतं, कारण कामच त्यांचं. या दोघांपैकी कुणीही या ड्रमनं माणूस मेल्याचं सोंग रचलं नसतं. असलं सोंग सुचलं त्याला, ज्याची खात्री होती की हा दोन टनांचा आहे. काल कारखान्यात तुम्हीच मला वजन सांगितलंत, टेंबेसाहेब. बाकी सगळे वजनाचं नाव काढायला घाबरत होते."

टेंबे ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. रांगेच्या टोकाला पहारी उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी उचलली. शिपाई पुढं झाले. हिंदुरावानं त्यांना हातानंच थोपवलं.

टेंब्यांनी पहार ड्रममध्ये खुपसली आणि केबलचा वेढा उचकटला. मग दुसरा. तिसरा वेढा नव्हताच. फाटक्या तरटाचा एक मोठा लोळ भसकन बाहेर आला आणि त्यामागून बांबूच्या कामट्या. ते खुपसतच राहिले. शेवटी मधला लाकडी गाभा दिसला तेव्हा हात थांबले.

"सोमण हेच म्हणाला होता," ते म्हणाले. स्वर अगदी साधा होता. "संध्याकाळी माझ्याकडं आला. म्हणाला, टेंबे, कंपनी तीन वर्षांपूर्वीच मेलीय. आपण रोज तिला पावडर लावून बसवतोय. चल, डोळ्यांनी दाखवतो. मी जीपमधून त्याला इथं आणलं, खोटं पाडायला. तो म्हणाला, उद्या मी बँकेत जाणार. मी म्हटलं, अरे, नऊशे माणसं रस्त्यावर येतील. आणि माल? माझा माल इथं उभा आहे तो? तो म्हणाला, माल नाहीये. मग त्यानं पहार उचलली, ड्रम फोडून दाखवायला. मी म्हटलं, माझ्या केबलला हात लावायचा नाही. हिसकावून घेतली मी पहार."

त्यांनी हातातल्या पहारीकडं बघितलं.

"एक घाव रागाचा होता. खाली पडल्यावर तो हसल्यासारखा दिसला मला. म्हणून दुसरा घातला. मग अंधारात वरची पाचर काढली आणि मागं न बघता फाटकाला कुलूप लावून निघालो. एक मिनिट थांबलो असतो तर त्यानं फोडून दाखवलाच असता."

"टेंबे," भागवत पुढं आले. चष्मा काढून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, मी कंपनी वाचवत होतो. तुझी यंत्रं चालू राहावीत म्हणूनच केलं ना सगळं? तुला काही कमी पडू दिलं का?"

टेंबे वळले. हिंदुरावानं झेप घेतली, पण त्याचा जखमी दंड आडवा आला. पहार फिरली. भागवतांचा जबडा फुटल्याचा आवाज वाळकी फांदी मोडल्यासारखा झाला. ते अँबॅसिडरच्या बॉनेटवर कोसळले, पांढऱ्या पत्र्यावरून रक्त आणि दात घरंगळले. पहार पुन्हा वर गेली. या वेळी हिंदुरावानं टेंब्यांना कमरेत धरून जमिनीवर आपटलं आणि छातीवर बसला. दोन शिपायांनी हात आवळले. सडपातळ माणूस, पण तिघांना आवरेना. मग एकाएकी सगळा जोर निघून गेला. टेंबे तसेच पडून राहिले, डोळे उघडे, तोंडात मुरूम.

वकील गाडीमागं बसून ओकत होता.

६

पुढं जे व्हायचं ते फार झपाट्यानं झालं. बँकेनं आवाराला सील ठोकलं, आणि उघडून बघावं तो ड्रम पोकळ निघत गेला. चिंचवडच्या कारखान्याच्या फाटकावर टाळं दिसलं तेव्हा पहिल्या शिफ्टची माणसं डबे हातात घेऊन उभी होती. दुपारपर्यंत फाटक उखडलं गेलं. ऑफिसातले फोटो, खुर्च्या, पेपरवेट, सगळं बागेत येऊन पेटलं. बबनरावाला कोर्टातून परत नेताना त्याच्याच युनियनच्या माणसांनी गाडीतून ओढून काढलं. पोलिस त्याला सोडवेपर्यंत त्याचा दुसरा हातही निकामी झाला होता. भागवत जगले. जबडा तारेनं बांधलेल्या अवस्थेत त्यांनी जबानी लिहून दिली.

गेनबाला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी हिंदुराव निगडीला गेला. पद्मा सामान बांधत होती. दोन ट्रंका आणि एक गादी दारात होती. माहेरी सांगलीला निघाली होती.

वर्तमानपत्रांनी भागवतांच्या नावाशिवाय दुसरं नाव छापलं नव्हतं. टेंब्यांच्या कबुलीवर अजून मॅजिस्ट्रेटची सही व्हायची होती. तिला ते आपल्या तोंडून कळावं, एवढ्यासाठी तो आला होता.

"वहिनी, बसता का जरा?"

ती ट्रंकेवर बसली. हिंदुरावानं सगळं सांगितलं. जीपमधून जाणं, पहार, दोन घाव. काही लपवलं नाही. टेंब्यांचं नाव आलं तेव्हा पद्मानं ट्रंकेची कडी घट्ट धरली.

"त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, कुणाला सांगितलं होतं ते माहीत नाही," हिंदुराव म्हणाला. "मला तेव्हाच वाटलं होतं की तुम्ही काहीतरी राखून ठेवताय."

पद्मा पदराची कड बोटाला गुंडाळू लागली.

"नाव नव्हतं सांगितलं यांनी," ती म्हणाली. "पण जाताना म्हणाले होते, आता मी एकटा नाही राहणार. कंपनीत एक माणूस स्वच्छ आहे. त्याला दाखवतो, मग आम्ही दोघं मिळून बँकेत जाऊ. किती महिन्यांनी त्या दिवशी पोटभर जेवले होते. दोनदा भात घेतला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, यांना मारलंय त्यांना हे कळलं तर ते त्या माणसालाही मारतील." तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "त्याला जपत होते मी, फौजदारसाहेब. तिरडी उचलली तेव्हा टेंबे पुढं आले आणि पहिला खांदा त्यांनी दिला. हुंदके देत होते. मी मनात म्हटलं, हेच ते. देवा, यांना सुखरूप ठेव."

बाहेर टांगा येऊन थांबला. टांगेवाल्यानं हाक मारली. हिंदुरावानं एक ट्रंक उचलली आणि तिच्या मागोमाग तो फाटकाकडं चालू लागला.